कापराच्या वासाची फणी

फणी निरांजनावर धरण्याची अक्कल माझीच. आजही आरतीचा कापूर पेटला की गिरगावातली ती संध्याकाळ आठवते. बायकोसाठी मी सेल्युलॉइडची विलायती फणी आणली होती, मधासारखी पिवळी, चकचकीत! बायको हरखली, पण आई देवापुढून कडाडली, "हाडाची वस्तू घरात नको!" "अगं, हाड नव्हे, कापूस आणि कापूर घालून बनवतात! हुंगून बघ." "ठकवलंय तुला." मला चेव आला. हाड असेल तर जळक्या केसांचा वास येईल, म्हणत मी टोक ज्योतीला लावलं. भप्पकन ज्वाळा! घरभर कापराचा घमघमाट! "खरंच की रे, कापूरच!" आईने हात जोडले. मी जिंकलो! आई आत गेल्यावर बायको राख गोळा करत म्हणाली, "सासूबाईंना पटलं हो. आता केस विंचरू कशाने, तुमच्या शास्त्राने?"