जानेवारीतला उन्हाळा

"कट. काकू, मुलांच्या तोंडातून वाफ दिसतेय," गार्गी म्हणाली आणि डोक्याला हात लावून खालीच बसली.

गार्गी आमची डायरेक्टर. तिचा हा पहिलाच सिनेमा. मी कपडेपट सांभाळते, म्हणजे कोणी काय घालायचं ते बघते. शिकले कुठेच नाही, करत करत येत गेलं. सिनेमा उन्हाळ्याच्या सुट्टीतला: तीन दोस्त आणि त्यांचं हरवलेलं कासव. शूटिंग मात्र देशाच्या राजधानीत, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर, ऐन जानेवारीत.

कपड्यांचं मी जमवलं होतं. टी-शर्टच्या आत थर्मल, टेक संपला की शाल. पण वाफेला काय घालणार?

सीन शेवटचा. एकाच्या बाबांची बदली झालीय, दोस्त निरोप घेतायत. गच्चीची परमिशन त्याच दिवसापुरती. हा सीन गेला की सिनेमाला शेवटच नाही.

त्यात तिघांतल्या कबीरची आई टेकआधी सगळ्यांना गरम सूप पाजत होती. मायेनंच हो, पण गरम तोंडातून वाफ जास्तच येते.

"सूप टेकनंतर द्या. आधी तोंडात बर्फ," मी म्हटलं. "तोंड गार पडलं की वाफ दिसत नाही."

"या थंडीत? ताप आला तर तुम्ही येणार रात्रभर बसायला?"

"येईन. सूपही करून आणीन."

ती कशीबशी तयार झाली. पण बर्फाचा खडा तोंडात ठेवून मुलं बोबडं बोलायला लागली. गार्गी रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "अगं, गोष्ट उन्हाळ्याचीच आहे ना? मग चुस्की दे की त्यांच्या हातात." चुस्की म्हणजे आपला बर्फाचा गोळा. चोखायचा आणि लगेच बोलायचं.

गार्गी उठलीच. "एकच चुस्की, काकू. तिघांत."

खालच्या फ्लॅटमधून किसणी आणली, गुलाबाचं सरबत आणलं. टेक सुरू झाला. वाफ नाही. शेवटचा घास कबीरनं स्वतः न खाता जाणाऱ्या दोस्तापुढे धरला. हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याची आई थर्मास पोटाशी धरून रडत होती.

"ओके," गार्गी म्हणाली. गच्चीभर टाळ्या.

सिनेमा लागला तेव्हा खेळ संपल्यावर हॉलमधली मुलं आयांकडे चुस्की मागत होती. ताप कोणालाच आला नाही. सर्दी मला झाली, उरलेला बर्फ मी संपवला म्हणून. तेव्हापासून थंडीत उन्हाळा शूट करायचा असला की मी कपड्यांच्या पेटीत आधी किसणी टाकते.