उद्धटाला इंग्रजीत काय म्हणतात

अकरावीत असताना ओतूरच्या कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी माझा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. त्यात आई गुड होती, बैल गुड होता, शाळा गुड होती आणि आमचं डिंगोरे गाव व्हेरी गुड होतं. वर्ग खो खो हसला. मला रडू आलं नाही, संताप आला. तास संपल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं आणि विचारलं, दुसरे शब्द कुठे मिळतात? बाई म्हणाल्या, "रोज एक विशेषण घे. त्याच अर्थाचे आणखी चार शब्द डिक्शनरीत शोध आणि ते ओळखीच्या माणसाला लावून बघ. नुसतं पाठ करू नकोस."

मग काय, मी गावभर शब्द लावत सुटले. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. सकाळच्या एसटीचा कंडक्टर कायम तोंड वाकडं करून तिकीट फाडायचा, त्याला मॉरोज, सलन, ग्लूमी. शेजारची काकू एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, तिला टॉकेटिव्ह, गॅरुलस. थोरले चुलते म्हणजे स्टबर्न, ऑब्स्टिनेट, ॲडमंट. त्यांच्यासाठी शब्द शोधायला मला कधीच वेळ लागला नाही. कांदे काढताना मी हे सगळं मोठ्याने म्हणायचे. बायका म्हणायच्या, "लोकांला नावं ठेवायची तर मराठीत ठेव की, आमाला बी कळंल."

आईने एकदा विचारलं, तिला कोणता शब्द लावला. मी म्हटलं, "वेअरी. एक्झॉस्टेड."

"म्हंजी?"

"दमलेली."

"त्याला इंग्रजी कशाला पायजे," आई म्हणाली आणि कांद्याची पाटी उचलून चालायला लागली.

बारावीनंतर मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. बाईंसारखं फळ्यासमोर उभं राहायचं होतं. चुलत्यांच्या मते पोरीला बारावी म्हणजे डोक्यावरून पाणी. वडील त्यांच्यापुढे कधी बोलत नसत. परीक्षा महिन्यावर आली असताना चुलत्यांनी मंचरकडचं स्थळ आणलं. मुलगा डिप्लोमा झालेला, चाकणला कंपनीत. मला कुणी विचारलं नाही. रविवारी पाहुणे येणार, एवढं फक्त सांगितलं.

पाहुणे आले ते जीप भरून. मुलाचे वडील नव्हते, म्हणून सगळा कारभार त्याच्या मामाकडे. मी पदर घेऊन पोह्यांच्या बश्या फिरवल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मामाने आधी स्वयंपाकाचं विचारलं. मग मला दारापर्यंत चालून दाखवायला लावलं. मग म्हणाला, "केस खरं हायती का गंगावन? सोडून दावा." चुलत्यांनी आईला खुणावलं. आईने मागे येऊन माझी वेणी सोडली. बाजारात म्हैस बघतानासुद्धा लोक आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतात. मला तेवढंही नाही.

"इंग्रजी लई चांगलं येतं म्हणत्यात," मामा म्हणाला. "बोला की. व्हऊ द्या जरा."

मी केस तसेच मोकळे ठेवले, मुलाकडे सरळ बघितलं आणि सुरुवात केली. "युवर अंकल इज रूड. इन्सोलंट. ॲरोगंट. कन्सीटेड. पॉम्पस." पाचही शब्द मी सावकाश आणि स्पष्ट म्हटले. उच्चारात एक चूक केली नाही.

मामाला त्यातलं 'अंकल' तेवढं कळलं. आपल्याविषयी काहीतरी चांगलं चाललंय, अशा समजुतीने तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! टीव्हीवरच्या बातम्यावानी बोलती राव!" चुलत्यांची छाती फुगली. एकट्या मुलाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि पुन्हा बशीतले पोहे चिवडायला लागला. त्याला कळलं होतं.

"पोरगी पसंत," मामा म्हणाला. "लांबण कशाला लावायची? आत्ताच सुपारी फोडू."

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग माघार घेणं म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. चुलत्यांनी हाक मारली, आतून ताट आलं, त्यात सुपारी, हळदकुंकू, नारळ. एवढे दिवस घासून पुसून गोळा केलेले माझे शब्द मी मामाच्या तोंडावर फेकले होते आणि त्याच शब्दांसाठी मला शाबासकी मिळत होती. मी उठले आणि ताटातली सुपारी मुठीत घेतली.

"आधी मी काय बोलले त्याचा अर्थ ऐका," मी म्हटलं. "मामा उद्धट हायती. उर्मट हायती. माजोरी, शिष्ट, मगरूर हायती. आन मला ही सोयरीक करायची न्हाई. मला शिकायचंय."

मराठीत पाच शब्द शोधायला डिक्शनरी लागली नाही. चुलते हात उगारून उठले. मामा जीपची किल्ली शोधायला लागला. "असली संस्कार नसलेली पोरगी," असं बरंच काही बोलला. आजही नात्यातली माणसं मला म्हणतात की वडीलधाऱ्यांना असं बोलायला नको होतं. मी म्हणते, पाचच शब्द बोलले, तो माझा मोठेपणा.

वडील मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी चुलत्यांना हाताने खाली बसवलं. मोठ्या भावाच्या अंगाला हात लावून त्यांना बसवताना मी वडिलांना पहिल्यांदाच बघत होते. मग ते मुलाकडे वळले.

"तुमाला कळलं व्हतं का, ही काय बोलली ते?"

मुलगा मामाकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली. कळलं होतं.

"ही तुमच्या मामाला तोंडावर बोलली, तरी तुमी गप. मामा हिचं केस सोडाया लावत व्हतं, तवा बी गप." वडील उठले, माझी मूठ उघडून त्यांनी सुपारी काढून घेतली आणि खिशात टाकली. "मंग उद्या माझ्या पोरीच्या बाजूनं कोण बोलायचं?"