केळीच्या खोलीत ठेवलेला समुद्र

त्या बाटल्या मी हलवल्या होत्या. एवढं एक वाक्य तोंडातून निघायला मला उरलेला उन्हाळा आणि निम्मा पावसाळा लागला, म्हणून इथे ते आधीच लिहून टाकतो.

मी जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी, पिंपळनेरच्या शेतकऱ्याची मुलगी, पीएच.डी.साठी दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात जहाजावरून जाऊन आली. तिथलं पाणी तिने बाटल्यांत भरून आणलं आणि पुढचा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत मांडला. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि आत शीतकपाटाच्या अंधारात तो समुद्र गप्प उभा असायचा. मी उगाच दार किलकिलं करून बघायचो. पाण्यात दिसायचं काहीच नाही. पण त्यात असंख्य जिवाणू आहेत आणि ते सावकाश जेवताहेत, हे मला माहीत होतं.

त्या समुद्रात उन्हाळ्यात बारीक शैवाल माजतं. हवेतून पाण्यात उतरलेला कार्बन त्याच्या अंगात जातो. शैवाल मेलं की जिवाणू ते खातात. खाल्लेल्यातला काही कार्बन त्यांच्या श्वासातून पुन्हा पाण्यात आणि हवेत परततो. जे खायचं राहून जातं त्यातलं काही खोल तळाकडे जातं आणि शेकडो वर्षं तिथेच निजून राहतं. समुद्र जरासा कोमट झाला तर जिवाणूंची भूक वाढेल का, श्वास वाढेल का, एवढाच तिचा प्रश्न होता. म्हणून निम्म्या बाटल्या तिथल्याइतक्याच गार, शून्य अंशाच्या आसपास ठेवल्या होत्या आणि निम्म्या थोड्या उबेत. या दोहोंतला फरक म्हणजेच तिची सगळी मेहनत.

मे महिन्यात ती भावाच्या लग्नाला गावी निघाली.

“सर, त्यांना फक्त गार ठेवा. गप्पा मारल्या तरी चालतील,” जाताना ती हसून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. कॉलेजचा जनरेटर सुरू होईना. उबेतल्या बाटल्यांचं छोटं कपाट इन्व्हर्टरवर चाललं, गार बाटल्यांचं मोठं कपाट मात्र त्याला पेलेना. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून बाटल्या त्यात पुरायच्या, हे माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला सुचलं असतं. मला मात्र शहराजवळचं असोदा गाव आठवलं. तिथे माझ्या चुलतभावाचं केळी पिकवायचं चेंबर आहे. आमच्या लहानपणी थंडी म्हणजे तशाच एका खोलीतली थंडी. भर उन्हातून आत शिरलं की अंगावर काटा यायचा आणि बाहेर निघावंसं वाटायचं नाही. गार बाटल्या मी थर्माकोलच्या खोक्यात भरल्या आणि तिकडे घेऊन गेलो.

“इतक्या लांबून पानी आनलं, आन् ठेवाले माह्या केयीचीच खोली सापडली?” भाऊ हसत सुटला. “आमच्या इहिरीचं वाईट व्हतं का?”

आत हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेले होते. पंख्यांची एकसारखी घरघर, हवेला कच्च्या सालींचा ओला वास. मी बाटल्या एका कोपऱ्यात मांडल्या आणि शेजारी उकिडवा बसलो. डोळे मिटले तेव्हा ती घरघर जहाजाची झाली. बर्फाचे पांढरे कडे हळूहळू मागे सरकत होते, खाली काळं पाणी होतं, आणि त्या पाण्यातून हिरवा धुरळा अगदी सावकाश खाली उतरत होता. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

डोळे उघडले ते भिंतीवरच्या आकड्यासमोर. तेरा अंश.

“याच्या खाली नेलं त केयी कायी पडते,” भाऊ दारातून म्हणाला.

केळ्यांसाठी ती थंडी होती. त्या जिवाणूंनी मात्र इतका कडक उन्हाळा कधी पाहिला नव्हता. हे मी स्वतः वर्गात शिकवतो. पण अंगावर काटा होता, आणि मी बुद्धीपेक्षा त्या काट्यावर विश्वास ठेवला. एका दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी वीज आली तशा बाटल्या परत जागेवर नेऊन ठेवल्या. ती लग्नाचे लाडू घेऊन आली आणि तिने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “सगळं ठीक.”

पावसाळ्यात तिने मोजमाप केलं. गार बाटल्यांतल्या जिवाणूंनी उबेतल्यांइतकाच प्राणवायू वापरला होता. फरक नाहीसा झाला होता.

“जहाजावर भरतानाच मी घोटाळा केला असणार,” ती म्हणाली.

“होतं असं कधी कधी,” मी म्हणालो. बाटल्या हलवल्याची लाज वाटते, पण या चार शब्दांची त्याहून जास्त वाटते.

ती गावी निघून गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला. आपण पाणी नीट भरलंच नव्हतं, तेव्हा त्या सफरीत भरलेले बाकीचे सगळे नमुनेही बाद धरावेत, असं ती मार्गदर्शकांना कळवणार होती. पीएच.डी.ही सोडणार होती. ज्याला माझा हातही लागला नव्हता तेसुद्धा आता माझ्यामुळे वाया जाणार होतं. मी धुळ्याची बस धरली आणि तिथून पुढे पिंपळनेरची.

तिचे वडील ओट्यावरच होते. “या मास्तर. तुम्हीच समजाडा तिले. पानी सांडनं ते सांडनं, मानूस थोडंच सांडस?”

“आबा, सांडलं नाही, बिघडलं,” ती आतून पाणी घेऊन येत म्हणाली.

“मंग ते काय दूध शे बिघडाले?”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. पेला माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला.

“तुझ्या हातून काहीच बिघडलं नाही,” मी म्हणालो. “तू लग्नाला आलीस तेव्हा वीज गेली होती. गार बाटल्या मी असोद्याला नेऊन केळीच्या चेंबरमध्ये ठेवल्या. तिथे तेरा अंश होते आणि तो आकडा मी पाहिला होता. तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हाही मी गप्प बसलो. तुझ्या मार्गदर्शकांना हे सगळं मी माझ्या नावाने लिहून कळवतो, तू काही कळवू नकोस. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.”