मखरातला तिबेटी राजवाडा

अमेरिकेत, ईडन प्रेरीत आल्यापासून इथल्या मंडळाच्या गणपतीचं मखर मीच करते. दर दोन वर्षांनी कमिटी बदलते, पुठ्ठा कापणारी बदलत नाही. त्यामुळे यंदा तिबेटचा पहिला राजवाडा करणार, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं ते काही परवानगी मागायला नव्हे.

तो राजवाडा मी नुकताच पाहून आले होते. यारलुंगच्या खोऱ्यात, एका उभ्या टेकडीच्या माथ्यावर. राजवाडा म्हटल्यावर जो थाट आपण डोळ्यांसमोर आणतो, तो तिथे नाही. आपल्याकडच्या एखाद्या गढीपेक्षाही लहान, पांढऱ्या भिंती आणि एक उंच बुरूज. मेंढपाळांना डोंगरावर एक अनोळखी माणूस भेटला, त्यांनी विचारलं कुठून आलास, त्याने आकाशाकडे बोट केलं. मग त्यांनी त्याला खांद्यावर उचलून आणलं आणि राजा केलं, अशी तिथली कथा आहे. मधल्या काळात वाडा पाडला गेला, पुढे पुन्हा बांधला. कोणी पाडला, ते गाईडने सांगितलं नाही. मी मुद्दाम पुन्हा विचारलं, तर त्याने मला भिंतीवरचं चित्र दाखवलं.

ती कथा मला आधीच पाठ होती ती शेजारणीमुळे. ती तिबेटी, माझ्याच वयाची, जन्म कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीतला. आम्ही दोघी हिंदीत बोलतो, ती मला दीदी म्हणते. तिचे वडील त्याच टेकडीच्या पायथ्याच्या गावचे. खरं तर ट्रिप आम्ही दोघींनी मिळून ठरवली होती. पासपोर्ट दोघींचेही अमेरिकन. तिबेटात जायची चिनी सरकारची परवानगी मला मिळाली, तिला नाकारली. कारण विचारायची सोय नव्हती. मी तिकीट कॅन्सल करायला निघाले, तर माझ्यावरच भडकली. म्हणाली, "तू जा. नीट बघ आणि मला सांग."

सांगणार काय, कपाळ! आत फोटोला बंदी. परत आल्यावर तिच्या किचनमध्ये बसून मी हातवारे करकरून थकले. बाहेरून काढलेले फोटो ती दोन बोटांनी मोठे करत राहिली, इतके की शेवटी नुसते पांढरे ठिपके दिसायला लागले. हिला राजवाडा उभा करून दाखवायचाच, असं मी तेव्हाच ठरवलं.

मीटिंगमध्ये हे ऐकून कमिटीचे चेहरे पडले. पुण्याहून नुकताच आलेला, व्हिसावरचा एकजण म्हणाला, "काकू, फोटो ऑनलाइन जातात. उगाच पोलिटिकल इश्यू कशाला?"

अध्यक्ष म्हणाले, "रायगड करा ना. सेफ आहे."

रायगड आणि सेफ! माझं डोकंच फिरलं. "महाराजांनी सेफ राहायचं ठरवलं असतं, तर आज रायगड म्हणून काय कापणार होतात?" मी म्हणाले. "हवा असेल तर तुम्हीच करा. कटर देते मी." कटर कोणी मागितला नाही.

गणपतीच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये राजवाडा उभा राहिला आणि सकाळी मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली. शेजारीण दुपारच्या आरतीआधी आली, ठेवणीतला लांब तिबेटी झगा घालून. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हात जोडून, मखर उजव्या हाताला ठेवून चालायला लागली आणि भिंतीपाशी थांबली.

आपली मखरं भिंतीला टेकलेली असतात. देव आपण समोरून बघतो, मागची बाजू कोण रंगवतं? तिथे डायपरच्या खोक्यांचे छापील पुठ्ठे, टेप आणि वायरी. पण त्यांच्याकडे दर्शन म्हणजे भोवती फिरणं. टेकडीवर म्हाताऱ्या बायका माळ ओढत वाड्याभोवती फिरत होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. तरी माझ्या मराठी डोक्यात हे आलंच नाही.

"दीदी, पीछे से रास्ता नहीं है?" तिने विचारलं. आणि लगेच म्हणाली, "कोई बात नहीं."

ते 'कोई बात नहीं' मला झोंबलं. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती. तिकडे सरकारने अडवलं, इकडे मी. मी पुढे होऊन टेबलालाच हात घातला.

अध्यक्ष धावत आले. "काकू, काय करताय? प्राणप्रतिष्ठा झालीये! उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नसते."

"माहीत आहे. तुमच्या जन्माआधीपासून माहीत आहे."

"अहो, दोष लागतो."

"मग मला लागू दे. तुम्ही ते टोक धरा, आणि हळू. मूर्ती डगमगता कामा नये."

सगळा हॉल बघत होता. त्यांनी टोक धरलं. व्हिसावाल्याने समई उचलून बाजूला केली. टेबल इंचाइंचाने पुढे सरकलं आणि मागे एक माणूस जाईल एवढी वाट झाली.

ती आत शिरली. समोरून बुरुजामागे तिचे पांढरे केस तेवढे दिसत होते. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली आणि मध्येच केस दिसेनासे झाले. मी बाजूने डोकावले. वाकून तिने त्या उघड्या, छापील पुठ्ठ्यावर कपाळ टेकलं होतं.

"आता परत लावायचं ना भिंतीला?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आरती सुरू करा."

जागा पुरेना म्हणून निम्मे लोक राजवाड्याच्या मागे, खोक्यांच्या बाजूला उभे राहिले.