हॉलवाल्या काकूंची पाहुणी

आमच्या गल्लीच्या टोकाला गावानं वर्गणी काढून बांधलेला हॉल आहे. सभा-समारंभ नसला की तिथं वाटसरू स्वस्तात मुक्काम करतात. सायकलवरून भटकणारे, परीक्षेला आलेली मुलं, घरचं माणूस दवाखान्यात असलेले. जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि सगळ्यावर हॉलवाल्या काकूंची नजर. नवरा गेल्यावर समितीनं त्यांना हे काम दिलं, मागची खोलीही दिली. अट एकच, नातलग आणून ठेवायचे नाहीत. आधीच्या राखणदारानं अख्खं सासर आणून बसवलं होतं. ते हलवता हलवता समितीच्या नाकी नऊ आले होते.

काकू कडक. "चपला बाहेर! मामाचं घर आहे का हे?" असं म्हणत आत घ्यायच्या आणि निघताना प्रत्येकाला विचारायच्या, "काही राहिलं नाही ना?" तरी कुणाचा तरी टॉवेल राहायचाच.

त्यांची लेक दूरच्या शहरात दिलेली. इथं तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. एका संध्याकाळी ती पाठीवर पिशवी टाकून मागच्या दारी आली. ओठ फुटलेला. हे पुढे काकूंनीच मला सांगितलं.

"आई, मी परत नाही जाणार."

"कोण म्हणतंय जा म्हणून? पण खोलीत घेतलं तर दोघी रस्त्यावर येऊ. पुढून ये, पाहुणी म्हणून. काम मिळेपर्यंत राहा. आणि मला आई म्हणू नकोस."

लेक पुढच्या दारानं आली. काकूंनी चारचौघांदेखत पैसे घेतले, गादी दाखवली, चपलांवरून दटावलं. लेक म्हणाली, "हो काकू."

घात केला तो चादरींनी. काकूंची एक खास घडी आहे. चादर उभी दुमडायची, उशीची खोळ तिच्या पोटात सारायची आणि गुंडाळी करायची. मी तशी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पाहुणे चादरींचे बोळे करून टाकतात. लेकीला ते बघवेना. सकाळी काकू पाणी भरायला गेल्या तेवढ्यात हिनं सगळ्या गुंडाळून ओळीनं लावल्या.

समितीचे अध्यक्ष नेमके तेव्हाच गळका नळ बघायला आले. तसा वाईट माणूस नाही.

"काका, इथं पाहुण्यांनाच कामाला जुंपता वाटतं!" एक सायकलवाला हसत म्हणाला. "या ताईंनी सगळ्यांचं आवरलं."

अध्यक्षांनी एक गुंडाळी उचलली, पोटातली खोळ चाचपली. मग लेकीकडं पाहिलं, मग बादली घेऊन दारात आलेल्या काकूंकडं.

"काकू, ही कोण तुमची?"

"माझी? कुणी नाही. कालच आलीये."

"घडी तर तुमचीच घालते."

"मीच दाखवली."

"बरं. मग पाहुण्या आज निघतायत ना?"

लेकीनं आईकडं पाहिलं. काकूंनी बादली खाली ठेवली.

"हो. निघतेय ती."

लेकीनं पिशवी भरली, चपला घातल्या. दारात काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काही राहिलं नाही ना?"

अध्यक्ष आत नळाशी वाकले होते, सायकलवाले पुढे गेले होते. ऐकायला कुणीही नव्हतं. तरी लेक म्हणाली, "नाही काकू."

खोली अजून काकूंकडेच आहे. लेकीचा फोन लागत नाही. चादरी मात्र काकू आता नुसत्या दुमडून ठेवतात.