जनरलसाहेब आणि माझी उघडी छत्री

कुणीतरी ठाणेभर उठवलंय, की मी जनरलसाहेबाच्या पदरी चाकरीला लागलो. साफ खोटं! फजिती माझी झाली ना? मग सांगण्याचा मानही माझाच. ऐका!

गोरा साहेब समोर आला की आपल्या माणसाने छत्री मिटायची, हा इथला रिवाज. का म्हणून? ऊन काय आपल्याला लागत नाही? आमच्या वादसभेत मी मूठ आपटून जाहीर केलं, "बंगल्यावर एक बडा जनरल उतरलाय. उद्या तो तळ्यावर फिरायला आला, की मी उघड्या छत्रीनिशी त्याच्या समोरून जाणार!"

"आणि त्याने दरडावलं तर?" विनायकाने विचारलं.

"तरी मिटणार नाही. शपथ!"

दुसऱ्या दिवशी वैशाखातलं रणरणतं ऊन. अख्खी सभा पिंपळाआड लपलेली. समोरून जनरल आला तो बोडका! वाऱ्याने टोपी तळ्यात उडवलेली, शिपाई कमरभर पाण्यात तिच्या मागे, आणि साहेबाचं टक्कल लालबुंद. माझी छत्री दिसताच तो तरातरा माझ्यावर चालून आला.

मी छाती काढून इंग्रजीत गरजलो, "मी छत्री मिटणार नाही!"

"शाबास!" साहेब खूश. "बिलकुल बंद मत करो!" आणि माझा दंड धरून छत्रीखाली शिरला की हो!

शिवाय चालता चालता आपली सगळी कारकीर्द सांगू लागला. पोरवयात फौजेत भरती झाला, तेव्हा आम्ही घाटाच्या पायऱ्यांशी होतो. ब्रह्मदेशात त्याला हिवताप भरला, तो देवळासमोर. काबूलच्या वाटेवर गुडघ्यात गोळी घुसली, ती नेमकी पिंपळापाशी! तिथे थांबून त्याने मला गुडघाही दाखवला. साहेब सहा फुटी. छत्री उंच धरून माझा हात भरून आला, आणि ऊन सगळं माझ्याच डोक्यावर.

काय करू, सांगा! मिटावी तर शपथ मोडते, उघडी ठेवावी तर चाकर दिसतो!

"अरे, मिट! मिट आता!" विनायक पिंपळाआडून ओरडला.

"मिटणार नाही म्हणजे नाही!" मी ओरडलो. तत्त्व ते तत्त्व.

बंगल्याच्या फाटकाशी तो एकदाचा जनरल झाला, माझी पाठ थोपटून आत गेला. मी तसाच उभा. हात खाली येईना!

रस्त्याकडेला मासळीची टोपली घेऊन बसलेली कोळीण केव्हाची बघत होती. म्हणाली, "साहेबाचा झाला आसंल त जरा माजे म्हावऱ्यावर पन धर रं दादा!"