इश्वरच्या वहीतल्या रिकाम्या जागा

इश्वर पहिल्यांदा साधनाच्या लक्षात राहिला तो त्याच्या एका प्रश्नामुळे. पवनीत बसस्टँडच्या रस्त्यावर तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवाळीच्या आधीची गर्दी होती. एक उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस चपला बाहेर काढून बराच वेळ दारात उभा होता. मनगटापर्यंत सिमेंट वाळलेलं. नंबर आला तसा त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जाड वही पुढे केली आणि विचारलं, "ताई, रिकामी जागा बी येईन नं झेरॉक्समंदी?"

साधनाला हसू आलं. "कोणती रिकामी जागा?"

त्यानं पानं उघडून दाखवली. त्याच्या वडिलांच्या हातची ती दंडारीच्या, म्हणजे गावोगावच्या सोंगांच्या खेळातल्या गाण्यांची वही होती. ओळींच्या मध्येच कुठेकुठे दोन बोटांची जागा सोडलेली आणि खाली नुसती रेघ.

"इथं मोठ्या मानसाचं नाव येते. ज्या गावाले खेळ, त्या गावचं. एकोडीले एकोडीचा, कोंढ्याले कोंढ्याचा. म्हनून बावानं लिवलंच नाही."

"मग तो माणूस चिडत नाही?"

"चिडन कायले? नाव नाही घेतलं त रुसते! मांगच्या साली एकोडीचे सरपंच दोन दिवस बोलले नाही. म्हने, माह्यात काय कमी होतं बे?"

भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि भर दुपारी दंडार रंगते. इश्वर त्यात सोंगाड्या. नाव घेऊन टोमणा मारायचा, सारं गाव हसायचं आणि ज्याला टोमणा बसला तोच उठून त्याच्या खांद्यावर शाल टाकायचा. एरवी तो कोंढ्याचा गवंडी. वाचायचा तो बोट ठेवून, सावकाश. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर मात्र कधी बसला नाही. उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा, आणि कोणाचं घर कोणत्या साली बांधलं, त्या घरात तेव्हा कोण आजारी होतं, हे न विचारता सांगायचा.

पवनीतल्या लेखक मंडळाला त्याचा पत्ता साधनानंच दिला. अकरा सभासदांचं मंडळ. बैठका अध्यक्ष भैय्याजींच्या कृषी केंद्रात, बियाण्याच्या पोत्यांवर बसून. बोलीतली गाणी मंडळाच्या अंकात छापून ठेवायची असं ठरलं. अंक साधनाकडे टाइप व्हायला आला. इश्वरनं वही दुकानात ठेवून दिली. तीत त्याचं स्वतःचं एक नवं गाणं होतं:

रेती नेली, गोटे नेले, नेला अख्खा घाट,
\_\_\_\_ शेठ, पान्यानं आता कोनती धराची वाट?

त्या वर्षी पवनीच्या मंडईत त्यानं रिकाम्या जागी भुपेंद्र शेठचं नाव घेतलं होतं. नदीवरच्या रेतीघाटाचा ठेका त्यांच्याकडे होता. शेठ पोट धरून हसले होते. शालही त्यांनीच दिली होती.

साधनानं भैय्याजींना फोन केला. "इथे जागा रिकामी आहे. तशीच सोडू का?"

"रिकामी कशी छापतेस? लोकं म्हणतील, मंडळाले प्रूफ पाहता येत नाही. टाक भुपेंद्रचं नाव. सगळ्या पवनीनं ऐकलं आहे."

तिनं नाव टाकलं. इश्वर एकोडीला एका घराच्या कामावर होता; त्याला विचारायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

अंक निघाला आणि सहाव्या दिवशी घाटावर रेतीचे दोन टिप्पर जळाले. ते कोणी जाळले हे आजही कोणाला ठाऊक नाही. पोलीस अंक हातात घेऊन कोंढ्याला आले. नाव छापून लोकांना भडकवलं, कट केला, अशी कलमं लागली. संपादक म्हणून भैय्याजींचंही नाव होतं. त्यांना वकिलामार्फत अटकेआधीच जामीन मिळाला. इश्वरला पोलिसांनी एकोडीच्या चालू कामावरून नेलं. थापी त्या भिंतीपाशीच राहिली. टाइप करणारीला कोणी काही विचारलं नाही.

पुढचे महिने भैय्याजी धावले, हे खोटं नाही. लेखकांच्या मोठमोठ्या संस्थांना पत्रं गेली, मुंबईहून सह्यांचं पत्रक आलं. त्यात इश्वर 'निर्भय लोककवी' होता, एकट्यानं रेतीमाफियाचं नाव लिहिण्याचं धाडस करणारा. तुरुंगातल्या लेखकासाठी कार्यक्रमात एक खुर्ची रिकामी ठेवा, असंही तिकडून कळवलं होतं. मंडळानं नगर वाचनालयात सभा घेतली, खुर्चीला हार घातला. इश्वरची बायको रंभाबाई उशिरा आली आणि सरळ त्याच खुर्चीवर बसली.

भैय्याजी तिच्या कानाशी वाकले. "वहिनी, ही रिकामी ठेवाची आहे."

"काहून? कोन येनार आहे?"

"इश्वरची आहे ती."

"तो त आत आहे. माहे पाय दुखून राहिले, भैय्याजी. तो आला का मी उठतो."

कोणी हसलं नाही. साधनानं मान खाली घातली. भाषणं झाली, जो तो इश्वरनं लिहिलेल्या नावाबद्दल बोलत होता. आणि ते नाव उमटवणारी बोटं तिच्या मांडीवर पडून होती.

जामिनाचा पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा साधना वही घेऊन कृषी केंद्रात गेली. "मी लिहून देते. नाव त्यांनी लिहिलं नाही, मी टाकलं. वहीत जागा रिकामी आहे, कोर्टाला दिसेल."

"मीच सांगतलं होतं, तेही लिही," भैय्याजी म्हणाले. मग पोत्यावर बसले. "पण बाई, थोडा विचार कर. मुंबईवाले त्याच्यासाठी भांडून राहिले ते नाव लिहिलं म्हणून. उद्या आपण म्हणू, चूक झाली, त्यानं लिहिलंच नाही. मग ते कायले उभे राहतील? अन् लिहिलं असतं तर काय त्याला डांबायचं होतं? मंडळ कशासाठी आहे मग?"

"तुम्ही घरी जेवता, भैय्याजी."

त्या दिवसापासून त्यांनी अध्यक्ष म्हणून सही करणं सोडलं.

साधना रंभाबाईबरोबर तुरुंगात भेटीला गेली. जाळीपलीकडे इश्वर अर्धा झाला होता. साधनानं रडतच सगळं सांगितलं. नाव छापलेलं त्याला अटकेनंतर, ठाण्यातच कळलं होतं.

"ताई, वही द्याची असन त द्या. पन म्या गायलोच नाही, असं लिवू नका. म्या गायलो. शेठ हासले बी."

"असं बोलून कसं चालेल, इश्वरभाऊ? सुटायचं आहे ना?"

"सुटाचं त आहेच. पन पुढच्या मंडईत उभा राहीन त लोकं म्हनतीन, गायलेलं गिळते हा. मंग तोंड कशाले उघडू?"

रंभाबाई जाळीला कपाळ टेकवून म्हणाली, "तुमचं तोंड राहू द्या तिकडं. घरी या पहिले."

साधनानं जे घडलं तेच लिहून दिलं: गाणं त्याचं, छापलेलं नाव माझं. खाली भैय्याजींनी वेगळा कागद जोडला, सांगणारा मी. इश्वरचे वकील म्हणाले, याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. ती तीन दिवस नीट जेवली नव्हती. त्या दिवशी जेवली.

सुनावणीत सरकारी वकिलांनी वही हातात घेतली, पानं उलटली. त्यांचा आवाज शांत होता. रिकाम्या जागा आरोपीच्या बाजूनं कशा, असं त्यांनी विचारलं. सतरा गाण्यांत तेवीस जागा. गाव बदलेल तसं नाव बदलायचं, म्हणजे प्रत्येक गावातल्या प्रतिष्ठित माणसाविरुद्ध लोकांना उठवण्याची ही तयार व्यवस्था. एका नावाचा प्रश्नच नाही, असं ते म्हणाले. साधना उठून सांगू पाहत होती की ते लोक हसतात, शाल देतात. शिपायानं तिला खाली बसवलं. इश्वरच्या वकिलांनी ते सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. बाहेर गाव, मंडई, दुपार, हसणारे सरपंच, यातलं काहीच त्या खोलीत आणता येत नव्हतं. तिथे वही तेवढी आली होती, आणि ती आणणारी साधना होती.

अर्ज पुन्हा फेटाळला गेला. वही जप्त झाली. सरकारी साक्षीदारांच्या यादीत आठवं नाव साधनाचं लागलं, त्यामुळे आता तिला इश्वरला भेटताही येत नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं रंभाबाईचे पाय धरले. रंभाबाईनं ते सोडवून घेतले, रागानं नाही, घाईनं. पवनीची शेवटची बस सुटत होती.

उच्च न्यायालयातला अर्ज पडून आहे. मंडळाच्या बैठकीला आता चौघं येतात. त्या वर्षापासून पवनीच्या मंडईत दंडारवाले कोणाचंच नाव घेत नाहीत.

इश्वर एकोणपन्नास वर्षांचा आहे. बावीस महिने झाले, तो जिल्ह्याच्या तुरुंगात कच्चा कैदी आहे. त्याचा खटला अजून सुरू झालेला नाही.